डॉल्फिनच्या शिकारीवरची डॉक्युमेंटरी सोसायटीत दाखवली. कोणत्या वयापासून दाखवावी?

मेधा_कासारवडवली

आमच्या सोसायटीत दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी क्लबहाऊसमध्ये पडदा लावून एक डॉक्युमेंटरी बघतो. दीड वर्ष झालं. सुरुवातीला सात-आठ जण असायचे, आता खुर्च्या कमी पडतात. गेल्या शनिवारी 'द कोव्ह' लावली होती.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. जपानच्या वाकायामा प्रांतात ताइजी नावाचं छोटं गाव आहे. तिथे सप्टेंबरपासून पुढे साधारण सहा महिने मच्छीमार बोटी घेऊन बाहेर पडतात, लांब लोखंडी दांडे पाण्यात सोडतात आणि त्यावर हातोड्याने ठोकत राहतात. डॉल्फिनचं सगळं जगणं आवाजावर चालतं. त्या ठोक्यांपुढे अख्खा कळप पळत सुटतो आणि किनाऱ्यालगतच्या खाडीत जाळं लावून कोंडला जातो. मग मत्स्यालयांसाठी हवे ते डॉल्फिन निवडून घेतात आणि उरलेले शेजारच्या, कुठूनही नजर न पोचणाऱ्या खाडीत मारतात. दिग्दर्शक लुई सिहोयोस आणि त्याच्या माणसांनी रात्री जाऊन खोट्या दगडांत लपवलेले कॅमेरे तिथे ठेवले आणि ते चित्रण जगापुढे आणलं. २००९ ची फिल्म, २०१० मध्ये ऑस्कर मिळालं.

सूचनाफलकावर मी '१३ वर्षांवरील' असं लिहिलं होतं. तरी दहा-अकराची चार मुलं आईबाबांबरोबर आली. मी त्यांना परत पाठवलं नाही. शेवटी ते सगळं पाणी लाल होतं तिथे एक मुलगी उठून बाहेर गेली आणि जिन्यात बसून रडली. रात्री तिच्या बाबांचा फोन. मे महिन्यात दुबईचं बुकिंग झालंय, पॅकेजमध्ये डॉल्फिन शो आहे आणि मुलगी म्हणतेय मी येणारच नाही. "तुम्ही मुलांच्या डोक्यात हे भरवायला नको होतं," असं ते म्हणाले. रविवारी कमिटीच्या सेक्रेटरींनीही सांगितलं, की तूर्त पुढचा कार्यक्रम थांबवा.

मुलीला त्रास झाला याचं मला मनापासून वाईट वाटतं. पण फिल्म दाखवायला नको होती असं मला अजिबात वाटत नाही. शोमध्ये उडी मारणारा डॉल्फिन आणि खाडीत मारला जाणारा डॉल्फिन एकाच जाळ्यातून आलेले असू शकतात. तिकीट काढणाऱ्याला हे माहीत असायला हवं.

दोन प्रश्न: कोणत्या वयापासून दाखवाल? आणि याच विषयावर पुढे काय दाखवता येईल, ज्यात रक्त कमी पण गोष्ट पूर्ण असेल?

घोडबंदरकर

मी सहा-सात वर्षांपूर्वी पाहिली. त्यातले आवाज अजून कानात आहेत. चित्रापेक्षा आवाज जास्त लागतो. दहा वर्षांच्या मुलाला मी दाखवणार नाही.

निशिगंध_ऐरोली

मेधा, तुझी चूक एवढीच, की दारावर थांबवलं नाहीस. बाकी अभिनंदन.

माझी मुलगी नऊची आहे. मी तिला शेवटची वीस मिनिटं सोडून बाकीची दाखवली. रात्री कॅमेरे लपवायला जातात तो भाग तिने श्वास रोखून पाहिला. पुढे काय झालं ते मी तोंडी सांगितलं: "पकडलेल्यांतले काही विकतात आणि बाकीचे मारतात." तिने एकच विचारलं, "मग ज्यांना विकलं, त्यांची आई?" मला उत्तर देता आलं नाही. पण प्रश्न पडला, म्हणजे फिल्म पोचली. त्यासाठी लाल पाणी बघायलाच हवं असं नाही.

तात्या_नौपाडा

एक स्पष्ट विचारतो, कोणी राग मानू नये. आपल्यातले निम्मे लोक रविवारी सकाळी मटणाच्या रांगेत उभे असतात. सुरमई-पापलेटशिवाय पाहुणचार होत नाही. मग जपान्यांनी डॉल्फिन खाल्ला तर आपण डोळे का पुसायचे? त्यांना गाय खाणारा विचित्र वाटत नाही, आपल्याला वाटतो. ज्याचं त्याचं ताट.

अनघा_प

तात्या, प्रश्न रास्त आहे, म्हणून नीट उत्तर देते.

मी प्राणिशास्त्र शिकले आहे. डॉल्फिन प्रत्येक श्वास ठरवून घेतो. आपल्यासारखा झोपेत आपोआप श्वास चालत नाही, म्हणून तो अर्धा मेंदू जागा ठेवून झोपतो. प्रत्येकाची स्वतःची एक शीळ असते, जवळजवळ नावासारखी, आणि दुसरे त्याला त्या शिळेने बोलावतात. पिल्लू आईबरोबर वर्षानुवर्षं राहतं. अशा प्राण्याला कळपासकट कोंडून, एकमेकांच्या देखत मारायचं, हे ताटापुरतं राहत नाही.

दुसरं, कत्तलखान्यासाठी निदान कागदावर नियम आहेत की जनावराला आधी बेशुद्ध करावं किंवा चटकन मारावं. ताइजीत मानेमागे सळई खुपसून मज्जारज्जू तोडतात आणि रक्त समुद्रात पसरू नये म्हणून जखमेत लाकडी खुंटी ठोकतात. याचं चित्रण पशुवैद्यांनी तपासलं आणि म्हटलं, की ही पद्धत कुठल्याच विकसित देशाच्या कत्तलखान्यात चालणार नाही.

मी स्वतः मासे खाते. तरीही मला हा फरक दिसतो.

तात्या_नौपाडा

@अनघा, खुंटीचं माहीत नव्हतं. वाईट आहे. पण परंपरेचा मुद्दा उरतोच. चारशे वर्षांची परंपरा आहे असं ते गाव म्हणतं.

परिमल_सानपाडा

त्या चारशे वर्षांत एक मेख आहे. ताइजीत संघटित देवमासा-शिकार १६०६ पासून आहे, हे खरं. पण ती देवमाशांची, भाल्यांची आणि वल्ह्यांच्या होड्यांची. कळप हाकलून खाडीत कोंडायची आत्ताची पद्धत तिथे १९६९ मध्ये सुरू झाली आणि ती गावच्या नव्या व्हेल म्युझियमसाठी जिवंत प्राणी हवे होते म्हणून. म्हणजे टाकी आधी आली. जिला परंपरा म्हणून ढाल केलं जातं, तिचं वय माझ्या मोठ्या भावाएवढं आहे.

पैशाचं गणितही फिल्ममध्येच आहे. शोसाठी शिकवता येईल असा जिवंत डॉल्फिन दीड लाख डॉलरपर्यंत जातो, मेलेल्याचे सहाशे डॉलर. सहाशेसाठी कोण एवढ्या बोटींचं डिझेल जाळेल? मेधाचं 'एकाच जाळ्यातून' हे म्हणणं मला म्हणूनच पटतं. तिकीटबारी बंद झाली तर ती खाडी चालवणं परवडणार नाही.

घोडबंदरकर

+१. मी हा मुद्दा विसरलो होतो.

दिवाळेकरीण

मी दिवाळ्याची. बेलापूर स्टेशनवर उतरणाऱ्या बहुतेकांना माहीत नसतं, की पलीकडे एक कोळीवाडा आहे आणि तिथे अजून बोटी लागतात. माझे आजोबा, बाबा, दोन्ही काका मासेमारीतले. मी ऑफिसात काम करते, पण घरात चर्चा आजही भरती-ओहोटीचीच असते.

मी ही फिल्म बाबांबरोबर पाहिली. मला जे दिसलं ते तुम्हा कोणालाच दिसलं नाही, म्हणून लिहिते आहे.

त्यात मच्छीमार सतत ओरडताना, कॅमेऱ्यावर हात ठेवताना, धमकावताना दिसतात. त्यांची घरं दिसत नाहीत. त्यांच्या बायका काय म्हणतात ते कळत नाही. बाबा पहिल्या अर्ध्या तासात म्हणाले, "आपल्याकडं कोन कॅमेरा घेऊन आला तं आपन पन असंच वराडू." मला ते लागलं. आमच्या खाडीत माती, रसायनं, सांडपाणी सगळं आलं, पूल झाले, मासळी गेली. कोणी विचारलं नाही. पण जाळ्यात एखादा संरक्षित प्राणी सापडला की गुन्हेगार आम्ही.

शेवटचा भाग आला तेव्हा मात्र बाबा उठून उभे राहिले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी जे सांगितलं ते मी पहिल्यांदा ऐकलं. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी उरणच्या पुढे त्यांच्या जाळ्यात एक भुलगा अडकला होता. पाठीवर पर नसलेला, करड्या रंगाचा, डॉल्फिनच्या नात्यातला छोटा प्राणी. जाळं वर घेईपर्यंत गुदमरला होता. "त्याला बी आपलेसारका सास लागतं," एवढंच म्हणाले. जाळं ओढताना हात कसा जड झाला ते त्यांना अजून आठवतं.

म्हणून माझं म्हणणं: फिल्म दाखवा, जरूर दाखवा. पण मुलांना असं वाटून घरी पाठवू नका, की मच्छीमार म्हणजे राक्षस. ताइजीतल्याच दोन नगरसेवकांनी डॉल्फिनचं मांस स्वतः तपासून घेतलं, त्यात पारा सापडल्यावर ते शाळेच्या जेवणात देऊ नये म्हणून गावाच्या विरोधात उभे राहिले. ते फिल्ममध्येच आहे. तिथे थांबून मुलांना सांगा, की हीसुद्धा त्याच गावची माणसं.

मेधा_कासारवडवली

@दिवाळेकरीण, हा प्रतिसाद मी दोनदा वाचला. नगरसेवकांचा भाग मी पाहिला होता, पण त्यावर थांबले नाही. बाबांना माझा नमस्कार सांगा.

स्वानंद_खारघर

दुसऱ्या प्रश्नाला उत्तर: 'ब्लॅकफिश', २०१३. दिग्दर्शिका गॅब्रिएला काउपर्थवेट. ऑर्का, म्हणजे आपण ज्याला किलर व्हेल म्हणतो तो, खरं तर डॉल्फिन कुळातला सगळ्यात मोठा प्राणी. फिल्म तिलिकुम नावाच्या एका नराची. १९८३ मध्ये आइसलंडजवळ दोनेक वर्षांचा असताना पकडला. आधी कॅनडातल्या एका लहानशा पार्कात, जिथे रात्री अंधाऱ्या पत्र्याच्या खोलीत माद्यांबरोबर कोंडायचे आणि त्या त्याचं अंग दातांनी ओरबाडायच्या. १९९१ मध्ये तिथे एक तरुण प्रशिक्षिका बुडून मेली. मग त्याला फ्लोरिडातल्या सीवर्ल्ड कंपनीच्या पार्कला विकलं. २०१० मध्ये तिथे डॉन ब्रँशो ही अतिशय अनुभवी प्रशिक्षिका त्याच्याकडून मारली गेली.

यात कत्तल नाही. पण पिल्लू दुसऱ्या पार्कात नेल्यावर एक आई टाकीच्या कोपऱ्यात जाऊन जो आवाज काढत राहते, त्या प्रसंगाने मी दोन दिवस अस्वस्थ होतो. तो आवाज त्या पार्कात कोणी आधी ऐकलाच नव्हता. दूरवर गेलेल्या कोणाला तरी ती शोधत होती असा अभ्यासकांचा अर्थ.

आणि परिणाम झाला. तिकीटविक्री घसरली, आणि मार्च २०१६ मध्ये त्या कंपनीने ऑर्कांचं प्रजनन बंद केल्याचं जाहीर केलं. तिलिकुम जानेवारी २०१७ मध्ये गेला. तेहेतीस वर्षं टाकीत.

बारा वर्षांवरच्यांना चालेल असं माझं मत. हल्ल्यांची काही दृश्यं आहेत, ती आधी बघून ठेव.

श्रावणी_वाशी

मी वाशीत आठवी-नववीला शिकवते. वर्गात 'ब्लॅकफिश'चे तुकडे दाखवते, अख्खी नाही. आधी पालकांना चिठ्ठी जाते: काय दाखवणार, त्यात काय आहे, नको असेल तर मूल त्या तासाला ग्रंथालयात बसेल. चार वर्षांत एकाही पालकाने नको म्हटलेलं नाही. विचारलं की लोक हो म्हणतात. न विचारता झालं की तीच माणसं चिडतात. तुमच्या त्या बाबांचंही तसंच झालं असावं.

वयाबद्दल: 'द कोव्ह' पूर्ण स्वरूपात चौदाच्या पुढे. पण मुद्दा दहालाही कळतो.

बंड्या_कळवा

पेंग्विन राहिले. भायखळ्याला जाऊन पेंग्विनसमोर सेल्फी काढणाऱ्यांत आमचं घर पण आहे. २०१६ मध्ये आणले, त्यातला एक काही महिन्यांतच मेला होता. तिथेही काचेच्या अलीकडे आपणच उभे. धागा वाचून हे बोचलं.

तात्या_नौपाडा

बंड्या, नातवाला घेऊन मीही गेलोय. पण पेंग्विनला उड्या मारायला लावत नाहीत. उपाशी ठेवून करामती करून घेणं वेगळं.

अनघा_प

तात्या, आज तुम्ही आमच्या बाजूने बोलताय, याची नोंद घ्यावी. :)

करामतींबद्दल थोडं. मेलेला मासा खायची जंगली डॉल्फिनला सवय नसते. पकडल्यावर तो भुकेने खायला लागेपर्यंत वाट बघतात, मग प्रत्येक उडीमागे एक मासा. आणि तो 'हसतो' ते हसू नाही, जबड्याची ठेवणच तशी आहे. मेल्यावरही तो तसाच हसतो. 'फ्लिपर' या मालिकेतल्या डॉल्फिनना शिकवणारा रिक ओ'बॅरी, जो 'द कोव्ह'चा मुख्य माणूस, त्याला हे फार उशिरा कळलं. फ्लिपरचं काम करणाऱ्या कॅथीने त्याच्या हातात श्वास घेणं सोडलं. तो तिला आत्महत्या म्हणतो. पुढच्या काही दिवसांत, एप्रिल १९७० मध्ये, बिमिनी बेटावर एका डॉल्फिनला सोडवायला गेला आणि अटक झाली. तेव्हापासून तो हेच करतोय.

कौस्तुभ_माजिवडा

हे लिहायचं की नाही, दोन दिवस विचार केला.

तीन वर्षांपूर्वी आम्ही थायलंडला गेलो होतो. शो पाहिला, नंतर पैसे देऊन मुलाला पाण्यात उतरवलं. डॉल्फिनने त्याच्या गालाला तोंड लावलं, फोटो निघाला. तो फोटो आमच्या हॉलमध्ये टीव्हीशेजारी होता. मुलाच्या आयुष्यातला सर्वांत आनंदाचा क्षण असं आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचो.

पाण्याला क्लोरीनचा इतका वास होता, की मुलाचे डोळे चुरचुरत होते. तो दहा मिनिटं होता. तो प्राणी तिथेच राहत होता. हे तेव्हा दिसलं होतं, पण मी त्याचा विचार केला नाही. शो संपल्यावर तो एका कोपऱ्यात गोल गोल फिरत होता, तेही दिसलं होतं. 'खेळतोय' असं मीच मुलाला सांगितलं.

तो कुठून पकडलेला होता ते मी विचारलं नाही. फोटो आता कपाटात आहे. मुलगा अकराचा झाला, त्याला अजून सांगितलेलं नाही. कसं सांगायचं यावर कोणी काही सुचवेल का?

निशिगंध_ऐरोली

कौस्तुभ, जसं इथे लिहिलंत तसंच सांगा. 'तेव्हा मला माहीत नव्हतं' हे बाबाकडून ऐकणं मुलांना फार वेळा मिळत नाही. फोटो टाकून देऊ नका. त्या डॉल्फिनचा फोटोही तेवढाच आहे.

टूरवाली_ठाणे

मी पर्यटनाच्या व्यवसायात आहे, म्हणून व्यवहाराचं सांगते. पॅकेजमधला डॉल्फिन शो बहुतेक वेळा सहज काढता येतो. बुकिंगच्या वेळीच लेखी सांगा, त्याऐवजी दुसरं काहीतरी मागा. लोक विचारत नाहीत म्हणून तो यादीत राहतो. गेल्या वर्षी माझ्याकडच्या तीन कुटुंबांनी नको म्हटलं. तेव्हापासून मी माझ्या पत्रकात तो आपणहून घालणं बंद केलं. तीन कुटुंबं पुरली.

हेमंत_कोपरी

भारतात बंदीच आहे ना? भारताने डॉल्फिनला माणसाचा दर्जा दिलाय असं व्हॉट्सअॅपवर वाचलं होतं.

परिमल_सानपाडा

निम्मं बरोबर. १७ मे २०१३ ला केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने परिपत्रक काढलं, की देशात डॉल्फिनेरियमला, म्हणजे डॉल्फिन टाकीत ठेवून शो करणाऱ्या जागांना, परवानगी देऊ नये. त्यात असं लिहिलंय, की डॉल्फिनकडे 'अमानवी व्यक्ती' म्हणून पाहावं असं अनेक शास्त्रज्ञांनी सुचवलंय. कायद्याने व्यक्तीचा दर्जा दिला असा त्याचा अर्थ नाही. ही बातमी जगभर चुकीची फिरली. पण बंदी खरी, आणि ती येण्याआधी मुंबई, कोची, नोएडा अशा ठिकाणी प्रस्ताव आले होते. म्हणजे बंदी नसती तर एव्हाना आपण मुलांना घेऊन रांगेत उभे असतो.

चेन्नईजवळ तर नव्वदच्या दशकाच्या अखेरीस असा शो सुरूही झाला होता. बल्गेरियाहून आणलेले डॉल्फिन काही महिन्यांतच मेले.

बाकी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत डॉल्फिन आहेत. गंगेतला डॉल्फिन २००९ पासून राष्ट्रीय जलचर. गेल्या मोजणीचा आकडा मार्च २०२५ मध्ये आला, नद्यांतले सगळे मिळून ६,३२७.

मालवणी_मिरची

आता जरा कोकणातलां आयका. आमच्याकडे डॉल्फिन म्हणणारे पर्यटक, आम्ही म्हणतंव गादो. लहानपणी किनाऱ्यार उभे रव्हलंव की आजी ओरडायची, "गादे इले, गादे इले!" की आम्ही धावत.

(आता सगळ्यांसाठी प्रमाण मराठीत.) तारकर्ली, दापोली, गुहागर, जिथे जाल तिथे 'डॉल्फिन राइड'. इथे टाकी नाही, प्राणी मोकळा आहे, म्हणून आपण निर्धास्त असतो. पण एक पाठीचा पर दिसला की सहा बोटी चारी बाजूंनी इंजिन फाडत सुटतात. बोटीतले लोक शिट्ट्या मारतात. पिल्लू असेल तर आई वर यायलाच धजत नाही. ताइजीचं वाचताना मला तोच आवाज आठवला. मारत कोणी नाही, पण आवाजाने हाकलणं तेच.

बोटवाल्याला आधीच सांगा: दादा, लांबूनच दाखवा, इंजिन हळू ठेवा, समोरून आडवं जाऊ नका. दिसला नाही तरी पैसे देऊ. हे शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. त्या माणसाचं पोट 'दिसला' यावर आहे म्हणून तो पाठलाग करतो.

घोडबंदरकर

शेवटचं वाक्य लिहून ठेवलं. पुढच्या महिन्यात दापोलीला चाललोय.

हेमंत_कोपरी

विषयांतर होतंय, पण कोळी बांधव डॉल्फिनवर चिडतात असंही ऐकलंय. जाळी फाडतो, मासे पळवतो.

दिवाळेकरीण

विषयांतर नाही, मूळ विषयच आहे. हो, चिडतात. जाळ्यातले मासे काढून नेतो, जाळं फाटतं, आणि जाळ्याची किंमत दुसरं कोणी भरत नाही. तरीही आपल्या किनाऱ्यावर कोणी डॉल्फिन मारायला बोटी काढत नाही.

डिसेंबर २०१८ पासून राज्याची एक योजना आहे: संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी मच्छीमाराने जाळं कापलं आणि त्याचं चित्रण दाखवलं, तर २५,००० रुपयांपर्यंत भरपाई. वनविभागाचा कांदळवन कक्ष आणि मत्स्य विभाग मिळून देतात. कासवं, देवमासा-शार्क, डॉल्फिन, बरेच प्राणी यामुळे सुटलेत. याच्यावर कोणी फिल्म करेल का? काळोखात, डोलणाऱ्या बोटीवर, एका हातात मोबाईल धरून दुसऱ्या हाताने स्वतःचं जाळं कापणारा माणूस. तो मला पडद्यावर बघायचाय.

आणि किनाऱ्यावर जखमी किंवा मेलेला डॉल्फिन दिसला तर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आहे. फोटो काढण्याआधी तो फिरवा.

स्वानंद_खारघर

ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात मुलांना घेऊन जा. आपल्या खाडीबद्दल तिथे पुष्कळ आहे आणि फ्लेमिंगो बघायला बोटही सुटते. लाल पाण्याआधी मुलांना हे पाणी दाखवायला हवं.

तात्या_नौपाडा

मी काल रात्री 'द कोव्ह' पाहिली. पूर्ण. आतापर्यंत न बघताच बोलत होतो.

ताटाचा मुद्दा मी सोडलेला नाही. पण ओ'बॅरी छातीवर टीव्हीचा पडदा बांधून, त्यावर ती दृश्यं चालू ठेवून देवमाशांच्या शिकारीबद्दलच्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या सभागृहात शिरतो आणि प्रत्येक देशाच्या प्रतिनिधीसमोर नुसता उभा राहतो, तिथे मी थांबवून पाणी प्यायलो. सत्तरीचा माणूस आहे. स्वतः पकडून शिकवलेल्या पाच डॉल्फिनचं ओझं घेऊन फिरतोय. माझ्या वयाच्या माणसाला ते समजतं.

एक शंका: ती परिषद देवमाशांची. मग तिथे हे थांबवत का नाहीत?

परिमल_सानपाडा

तात्या, १९८६ पासूनची व्यापारी शिकारबंदी मोठ्या देवमाशांना लागू आहे. डॉल्फिनसारख्या लहान प्रजाती त्या बंदीत येत नाहीत, त्यामुळे जपान त्यांचा कोटा स्वतः ठरवतो. फक्त जपानच नाही. डेन्मार्कच्या अखत्यारीतल्या फेरो बेटांवर १२ सप्टेंबर २०२१ ला एकाच दिवसात १,४२८ डॉल्फिन मारले. तिथल्या लोकांनाही तो आकडा झेपला नाही, पुढच्या वर्षी ५०० ची मर्यादा घातली.

थोडं चांगलंही सांगतो. २०१५ मध्ये प्राणिसंग्रहालयांच्या जागतिक संघटनेने दबाव टाकल्यावर जपानच्या प्राणिसंग्रहालयं-मत्स्यालयांच्या संघटनेने आपल्या सदस्यांना ताइजीचे डॉल्फिन घ्यायला मनाई केली. काही मत्स्यालयं संघटना सोडून गेली, खरेदी थांबली नाही. पण फिल्मशिवाय हा दबाव आला असता असं मला वाटत नाही.

मेधासाठी: 'अ व्हेल ऑफ अ टेल', २०१६, दिग्दर्शिका मेगुमी सासाकी. जपानी बाईने ताइजीतल्या लोकांशी बोलून केलेली. दिवाळेकरीण म्हणतात ती घरं यात आहेत. दोन्ही लागोपाठ दाखव.

कौस्तुभ_माजिवडा

काल मुलाला सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "त्याचं नाव काय होतं?" मला आठवलं नाही. त्यालाच आठवलं. शोमध्ये सांगितलं होतं म्हणे. आता त्याला त्या पार्कला पत्र लिहायचंय, तो अजून आहे का हे विचारायला. इंग्रजीत मसुदा करतोय.

श्रावणी_वाशी

कौस्तुभ, पत्र झालं की इथे नक्की सांगा. माझ्या वर्गातली मुलंही सही करतील.

मेधा_कासारवडवली

सगळ्यांचे आभार. काल कमिटीची मीटिंग झाली. श्रावणीताईंची चिठ्ठीची कल्पना मांडली, ती मान्य झाली. यापुढे वयाचा नियम दारावर पाळला जाईल, ती जबाबदारी माझी. कार्यक्रम पुन्हा सुरू.

त्या मुलीच्या बाबांशीही बोलले, माफी मागितली. ते अजून नाराज आहेत. पण त्यांनी एजंटला फोन केला होता. शो काढला, पैसे परत मिळाले नाहीत, म्हणून ते जास्त चिडलेत. मुलगी जाणार आहे. तिने मला लिफ्टमध्ये गाठून विचारलं, की पुढचा डॉल्फिनचा पिक्चर कधी. तिला पुढच्या वर्षीपर्यंत थांबावं लागेल.

पुढच्या महिन्यात 'ब्लॅकफिश', मोठ्यांसाठी आणि बारावरच्यांसाठी. त्याच्या पुढच्या महिन्यात सासाकींची फिल्म. @दिवाळेकरीण, त्या दिवशी तुमचे बाबा येतील का? मुलांना त्यांच्याकडून ऐकायचंय, जाळ्याबद्दल आणि भुलग्याबद्दल. गाडी पाठवू.

दिवाळेकरीण

बाबांना वाचून दाखवलं. शनिवारी नाही, त्या दिवशी पहाटेची भरती आहे, रात्री जागायला जमणार नाही. रविवार संध्याकाळ चालेल. गाडी नको, ते ट्रेनने येतील. माईक नको म्हणतात. एक जुनं जाळं बरोबर आणणार आहेत, ते पसरायला क्लबहाऊसच्या खुर्च्या बाजूला कराव्या लागतील.